समाधान ट्रेडर्स

माझा साडू सुजित याला चाकणला मी आणला. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या सासुरवाडीत ही गोष्ट आता कुणालाच आठवत नाही. लग्न झालं तेव्हा गडी रिकामटेकडा होता. धाकट्या बहिणीचे हाल बघवेनात म्हणून माझ्या बायकोनं, रुपालीनं, माझ्यामागं भुणभुण लावली, आणि मी साहेबांची मनधरणी करून त्याला आमच्या कंपनीत फोर्कलिफ्टवर चिकटवला. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी आमची कंपनी, आणि मी तिथं शिफ्ट सुपरवायझर. तेव्हा हा सुजित 'साडूभाऊ, साडूभाऊ' करत माझ्यामागून कॅन्टीनला यायचा आणि जेवण झालं की माझंही ताट उचलून ठेवायचा.

पुढं त्यानं नोकरी सोडली आणि भंगाराच्या धंद्यात शिरला. भंगार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं हातगाडी येते. चाकणचं भंगार तसलं नसतं. प्रेसखाली पत्रा कापला की उरलेली कातरण रोज ट्रक भरभरून निघते, आणि तो ट्रक कुणाचा हे कंपनी ठरवत नाही. ज्याची पोरं कंपनीच्या गेटसमोर आडवी उभी राहू शकतात तो ठरवतो. आमच्या पट्ट्यात तो माणूस म्हणजे नाना. नाना म्हणेल त्या भावानं कातरण जायची, साहेब लोक खाली मान घालून सही करायचे, आणि एखाद्यानं मान वर केलीच तर त्याच्या गाडीची काच फुटायची. भंगाराच्या कुठल्या बिनमध्ये नुसता पत्रा आहे आणि कुठल्या बिनमध्ये ॲल्युमिनियम, हे सुजितला फोर्कलिफ्टवर बसून बसून पाठ झालेलं. नानाला असाच माणूस हवा होता.

बघता बघता सुजितचा सुजितशेठ झाला. रावेतला फ्लॅट, खाली पांढरी मोठी गाडी, आणि माझी मेहुणी स्वरूपा हिच्या गळ्यात हे एवढं गंठण. मान दुखत नाही का, असं मी तिला एकदा विचारलंसुद्धा. "नाही हो दाजी," म्हणाली आणि हसली. साधंच हसली, पण मला ते आठवडाभर पुरलं.

आणि मामा! मामा म्हणजे माझे सासरे, भैरूमामा. माण तालुक्यातून आले, पिंपरीच्या मार्केटात जन्मभर हमाली केली, काळेवाडीत दोन खोल्या बांधल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तेव्हा रीतसर मी विचारायला गेलो की खर्चाचं काय करायचं. तर म्हणाले, "तुमी कशाला तरास घेताय, पाव्हणं. सुजितनी बघितलंय समदं." ऑपरेशन झालं, डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांना तेव्हापासून एकटा सुजितच दिसतो.

मला पोटात दुखायचं. उगाच साधुपणाचा आव आणत नाही. थेरगावात आमचं भाड्याचं घर, डांगे चौकातून कंपनीच्या बसला लोंबकळत जायचं, ओव्हरटाइम मिळाला तर दिवाळी बरी. अठरा वर्षं एका कंपनीत इमानानं राबलेला माणूस मी, आणि माझं ताट उचलणारा परवाचा पोरगा माझ्यापुढून गाडीची काच वर करून जातो. तो थांबायचा, 'बसा साडूभाऊ, सोडतो' म्हणायचा, हे खरं आहे. पण ते थांबणंच मला जास्त लागायचं. रुपाली म्हणायची, "तुमचं नाव समाधान कुणी ठेवलं हो?" मी म्हणायचो, ज्यांनी ठेवलं त्यांना असला साडू नव्हता.

एकदा मी मनाचा हिय्या करून त्याला विचारलं. त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला गेलो होतो, केक कापून झाला होता, आणि तो मला खाली पार्किंगपर्यंत सोडायला आला होता. म्हटलं, "सुजित, मलाही घे की कुठंतरी. तुझ्या नानांकडं एखादं काम बघ. घरच्या घरात राहील."

त्यानं मागं जिन्याकडं बघितलं. मग म्हणाला, "साडूभाऊ, तुमी यात पडू नका. तुमची नोकरी सोन्यावाणी हाय. सुखानं झोप लागती न्हवं?"

बघा आता. ज्याच्या दारात गाडी आहे तो बसला लोंबकळणाऱ्याला सांगतो की तुझी नोकरी सोन्यासारखी. एवढं सोनं आहे तर ये की परत फोर्कलिफ्टवर! घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. एकट्यानं खायचंय साहेबांना. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो म्हणतात, पण इथं लाडू खरोखरच मोठा होता, आणि ज्याच्या ताटात होता तो मला उपासाचं महत्त्व सांगत होता.

यंदा अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. जावई-लेक लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून त्यांना घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, ओवाळायचं, कपडे करायचे. सुभद्रामामींनी, म्हणजे सासूबाईंनी, आम्हा दोघा जावयांना एकाच दिवशी बोलावलं. ज्येष्ठाचं ऊन, पत्र्याची खोली, पंखा गरम हवा ढकलतोय. दोन पाट मांडलेले. रीत अशी की आधी थोरल्याला बसवायचं, आधी त्याला ओवाळायचं. मी पाटाकडं निघालोच होतो, तेवढ्यात मामा म्हणाले, "सुजित, बस बाबा हितं, पंख्याखाली."

माझा पाय तिथंच थबकला. सुजित बसला असता तर बरं झालं असतं, निदान मला उघड भांडता आलं असतं. पण तो मागं सरकला आणि म्हणाला, "न्हाई मामा, आधी साडूभाऊ. मान त्यांचा हाय."

झालं. मामींनी कौतुकानं त्याच्याकडं बघितलं, स्वरूपानं बघितलं, माझ्या सख्ख्या बायकोनंही बघितलं. मान माझाच, पण तो मला दिला कुणी, तर सुजितनं. मी पाटावर बसलो, कपाळाला कुंकू लागलं, तुपातला धोंडा तोंडात घातला आणि तो मला कडूजहर लागला. कपडे दोघांना सारखेच घेतले होते. थोरल्याला आणि धाकट्याला सारखे म्हणजे थोरल्याला कमीच की!

जेवणं होऊन सुजित आत जरा आडवा झाला. मी बाहेर ओट्यावर हात धूत होतो, तेव्हा सनी आला. सनी म्हणजे नानाचा उजवा हात. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाईल, बोलायला गोड. सुजितला न्यायला आला होता. मला बघून वाकून नमस्कार केला.

"दाजी, तुम्हीच ना ते कंपनीतले? अठरा वर्षं सर्व्हिस, एक मेमो नाही? नाना नाव काढतात तुमचं."

"माझं?" मी म्हटलं.

"मग काय. नानांना फर्म काढायचीय. भंगाराची बिलं फिरवायला नाव एकदम क्लीन पाहिजे, केस नको, लफडं नको. नाना सुजितभाऊला चार महिने सांगतायत, घरातला एखादा माणूस दे, त्याचं कल्याण होईल. भावा, हा देतच नाही! म्हणतो, आमच्यात तसा कुणी नाही." सनी हसला. "आणि घरात तर तुमच्यासारखा हिरा बसलाय."

मी ओल्या हातानं तसाच उभा राहिलो. म्हणजे मी मागायच्या आधीपासून मागणी होती. जागा माझ्यासाठीच राखलेली होती, नानासारखा माणूस माझं नाव घेत होता, आणि हा आतल्या खोलीत धोंडे पचवत पडलेला माणूस सांगत होता की आमच्यात तसा कुणी नाही! मी कुणी नाही! कुणाचं तोंड काळं करावंसं मला आयुष्यात एवढं कधी वाटलं नव्हतं. मी सनीला म्हटलं, "त्याला विचारू नकोस. मला विचार. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट संपल्यावर मी गेलो. भंगाराचे ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या मागं नानाचं ऑफिस. मला वाटलं होतं कुणी मिशीवाला दांडगा असेल. नाना बारीक अंगाचा, हळू बोलणारा, समोर ताकाचा ग्लास. मलाही ताक दिलं, जिऱ्याची पूड घालून. माझ्या गावाचं नाव विचारलं, आईवडील आहेत का विचारलं. "सुजित चांगला हाय," म्हणाला, "पर त्याला मोठं व्हायची हिंमत न्हाई. तुमी थोरले. तुमाला कळतं." एवढं एक वाक्य माझ्या सासऱ्यानं इतक्या वर्षांत म्हटलं असतं, तर मी त्या काट्याच्या मागं कधी गेलोच नसतो.

कागद बरेच होते. फर्मचे, बँकेचे, मोबाईलच्या सिमचे. मी वाचत बसलो नाही. सही मात्र चांगली लफ्फेदार केली. फर्मचं नाव काय ठेवायचं असं नानानं विचारलं आणि स्वतःच सुचवलं, समाधान ट्रेडर्स. ट्रक त्याचे, गोदाम त्याचं, पोरं त्याची. माझं फक्त नाव, आणि महिन्याला त्या नावाचं भाडं. नोकरी सोडायचीसुद्धा गरज नव्हती. खात्यावर पैसे यायचे आणि मी जिना चढून वर पोचेपर्यंत निघूनही जायचे, मोबाईल नुसता वाजायचा. कुठून आले, कुठं गेले, मी विचारलं नाही. माझ्या नावावर एवढी ये-जा चाललीय, यातच माझी छाती फुगली होती.

आणि मग सनीनं फ्लेक्स लावला. डांगे चौकात, सिग्नलच्या बरोबर समोर. 'युवा उद्योजक समाधानभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. पंचेचाळिशीतला युवा मी, डोळ्यांवर उसना गॉगल. वर कोपऱ्यात नाना हात जोडून, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत बारके बारके चेहरे, आणि त्या बारक्या चेहऱ्यांत उजवीकडून दुसरा सुजित! माझ्या फोटोतल्या कानाएवढा. मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो आणि परत आलो, दोन्ही बाजूंनी बघायला. लगेच फोटो काढून सासुरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मामांना मोबाईल वाचता येत नाही, म्हणून स्वरूपाला लिहिलं की मामांना दाखव.

त्याच संध्याकाळी सुजित आमच्या घरी आला. गाडी नाही, रिक्षानं. शर्ट घामानं भिजलेला. दारातच म्हणाला, "साडूभाऊ, हे काय केलं तुमी?"

मी मुद्दाम सावकाश उठलो. रुपालीला चहा टाकायला सांगितला. त्याचा चेहरा काळवंडला होता, ओठ कोरडे पडले होते, डोळे माझ्यावर ठरत नव्हते. तो चेहरा मी चांगला ओळखत होतो. इतकी वर्षं दाढी करताना आरशात तोच बघत होतो मी. जळतोय, मला वाटलं. अखेर सुजितशेठ माझ्यावर जळतोय! त्या दिवसाच्या चहासारखा चहा मी पुन्हा प्यालो नाही.

"ती सही मागं घ्या," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या बँकेत जावा, खातं बंद करा, मोबाईल हरवला म्हना, काय बी करा."

"का रे? तुझं काही कमी होतंय का?"

"साडूभाऊ, ह्यो पैसा कुणाकडं जातो ठाव हाय का तुमाला?"

"माझ्याकडं येतो तेवढं मला ठाऊक आहे."

तो उठला, खिडकी लावून घेतली आणि माझ्या जवळ येऊन बसला. "नानाच्या वर एक जण हाय. तो दुबईच्या पलीकडं कुठं तरी पळून गेलाय. त्याला तिकडं ज्यांनी आसरा दिला त्यांचा वाटा असतो ह्यात. गेल्या महिन्यात बातम्यांत बघितलं न्हवं? जवानांची गाडी उडवली ती? ते लोक. मी माझ्या कानानं ऐकलंय. नानाची मानसं हसत हुती, म्हनली, आपल्या पत्र्याचं तिकडं बघा काय झालं."

रुपाली चहा घेऊन दारात उभी होती. तिच्या हातातल्या कपबशा वाजल्या.

मला मात्र हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू. इतके दिवस भंगार गोड लागत होतं, आणि माझं नाव पाटीवर आलं त्या दिवशी ह्याला देश आठवला! म्हटलं, "एवढं आहे तर तू का नाही सोडत?"

"सोडू देत न्हाईत. पोरांना शाळेत न्यायला आनायला त्यांचाच मानूस येतो. रोज. मी नको म्हटलं तरी येतो."

"बघ," मी रुपालीला म्हटलं, "पोरांना शाळेत सोडायला ड्रायव्हर आहे आणि हा रडतोय."

सुजितनं माझ्याकडं बघितलं.  चहा तसाच ठेवून उठला, रुपालीच्या पाया पडला आणि जिना उतरून गेला. रुपाली मला म्हणाली, "अहो, तो खरं बोलत होता." मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचा नवरा ना, खरंच बोलणार." त्यावर ती त्या रात्री माझ्याशी बोललीच नाही, आणि मी तिला म्हटलं की तूही त्यांच्यातलीच.

त्याच आठवड्यात सुजित नाहीसा झाला. स्वरूपाचा फोन बंद, फ्लॅटला कुलूप, मुलं शाळेत नाहीत. मला पहिला विचार आला तो असा, की घबाड घेऊन पळाला. दुसरा विचार, की मला न सांगता. मग वजनकाट्याला पोलिसांच्या गाड्यांनी वेढा दिल्याचं कॅन्टीनमध्ये कळलं. नानाला ताक पिता पिता उचलला, सनीला द्रुतगती महामार्गावर. बातमीत 'बंदी घातलेल्या सशस्त्र संघटनेला पैसा पुरवणारी टोळी' असं येत होतं, आणि बातमी सांगणाऱ्याच्या मागं आमचं चाकण दिसत होतं. माझ्या हातातला घास हातातच राहिला. डांगे चौकातला फ्लेक्स कुणीतरी फाडून नेला होता, बांबू तेवढे उभे होते.

मला त्यांनी शिफ्टमधूनच नेलं. दहशतवादविरोधी पथकाचं पुण्यातलं ऑफिस. साधी खोली, टेबल, पाण्याची बाटली. समोर एक मॅडम, माझ्याहून लहान, चष्म्यातून बघणाऱ्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. माझा तो फ्लेक्स मोबाईलवर दाखवला आणि विचारलं, "हे तुम्हीच ना?" गॉगल होता तरी ओळखू येत होतो.

"यात पैसा कसा फिरतो माहीत आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या शाळेतल्या बाईंसारख्या समजावून सांगत गेल्या. कंपन्यांना धमकावून भंगार मातीमोलानं उचलायचं. काट्यावर वजन कमी दाखवायचं. माल रोखीत विकायचा. मग तो काळा पैसा तुमच्यासारख्या सरळ माणसाच्या फर्ममधून काढायचा, न झालेल्या व्यवहारांची बिलं लावून, म्हणजे तो गोरा होतो. तिथून पुढं परदेशातल्या त्या फरारी माणसाकडं, आणि त्याच्याकडून त्या संघटनेकडं. "लोकांना वाटतं त्यांना कुणी परका देश पैसा देतो," मॅडम म्हणाल्या. "तोही देत असेल. पण बराचसा असा गोळा होतो. खंडणीतून, भंगारातून. तुमच्या खात्यातून गेलेला पैसा कुठं पोचला ते आम्ही शोधतोय."

त्या बातमीतली गाडी माझ्या डोळ्यांपुढं आली. पत्रा चुरगळला होता. मी पत्र्यात आयुष्य घालवलंय, किती जाडीचा पत्रा कसा वाकतो ते मला कळतं, आणि तो तसा वाकायला काय लागत असेल तेही कळलं.  मी पाणी प्यालो.

"तुमचं नशीब चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या आणि एक कागद पुढं ओढला. "तुमचा साडू सुजित स्वतःहून आमच्याकडं आला. बायकामुलांना सुरक्षित जागी हलवा एवढंच मागितलं, आणि सगळं सांगितलं. नाना त्याच्यामुळंच सापडला. तुमच्याबद्दल त्यानं काय सांगितलंय ते ऐका." आणि वाचायला लागल्या. "माझे साडू समाधान यांना या धंद्याची काही माहिती नव्हती. घरासाठी कर्ज काढून देतो असं खोटं सांगून मी त्यांच्या सह्या घेतल्या. फर्म त्यांच्या नावावर आहे हे त्यांना नंतर समजलं. ते मला वडील भावासारखे आहेत. मी त्यांना फसवलं."

 खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"असंच झालं ना?" मॅडमनी विचारलं. "तसं असेल तर हो म्हणा, सही करा. साक्षीदार म्हणून घरी जा. तुमची मिसेस बाहेर बसलीय."

रुपाली बाहेर बाकावर होती, मला माहीत होतं. बरोबर भैरूमामा आले होते, नव्या डोळ्यांनी भिंतीवरच्या पाट्या न्याहाळत. एक 'हो' म्हटलं की सगळं मिटत होतं. नोकरी राहिली असती, घर राहिलं असतं, दिवाळीचा ओव्हरटाइम राहिला असता. हो म्हणायला मी तोंड उघडलंही होतं.

आणि मला पुढचं सगळं दिसलं. मी या दारातून बाहेर जाणार, मामा माझे हात धरणार आणि म्हणणार, सुजितनी वाचवलं तुमाला. मामी म्हणणार, सुजितनी वाचवलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, कुणी नवा पाहुणा आला की त्याला सांगणार, हे थोरले जावई, यांना धाकट्यानं वाचवलं. सुजित जेलमध्ये सडणार, मी घरी तूपपोळी खाणार, आणि तरी मोठा तोच. पैशानं मोठा होता, ते मी कसंबसं गिळलं होतं. मान देऊन मोठा झाला होता, ते घशात अडकलं होतं. आता हा माणूस माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन इतका मोठा होणार होता, की जन्मभर मान वर करून बघितलं तरी मला तो पुरता दिसला नसता. चोर तो, गुंडांच्या ट्रकवर बसणारा तो, आणि चांगुलपणातही पहिला नंबर त्याचाच! मी तो त्याला लागू देणार नव्हतो.

लोक म्हणतील, पश्चात्ताप झाला. रुपालीही तसंच म्हणते, भेटायला येते तेव्हा. तिला बरं वाटतं, म्हणून मी गप्प बसतो. पण मला माहीत आहे मी त्या टेबलाशी का बोललो.

"खोटं आहे ते," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा वर केला. "काय?"

"त्यानं मला फसवलं नाही. त्यानं मला नको म्हटलं. पार्किंगमध्ये म्हटलं, माझ्या घरी येऊन म्हटलं, पैसा कुठं जातो तेही सांगितलं. नाना चार महिने घरातला माणूस मागत होता आणि त्यानं माझं नाव दिलं नाही. मी माझ्या पायानं गेलो. सह्या मी केल्या, हसत हसत."

"कळतंय ना तुम्हाला काय म्हणताय ते?" मॅडम हळूच म्हणाल्या. "त्यानं सांगितल्यावरही तुम्ही खातं बंद केलं नाहीत. मग तुम्ही साक्षीदार राहत नाही. आज घरी जाता येणार नाही."

"कळतंय."

 त्यांनी सुजितचा कागद बाजूला सारला, कोरा कागद घेतला आणि कुणाला तरी आत बोलावून टाईप करायला बसवलं.  बाहेर मामा खोकले, तो खोकला मी ओळखला, आणि मला एकदम मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण टाईप करणाऱ्यानं विचारलं, "सुजितच्या जबाबाच्या खाली जोडायचा का, मॅडम?"

"खाली नाही," मी म्हणालो. "माझा वर लावा. मी थोरला आहे."